लांब पल्ल्याच्या लक्ष्य-नेमबाजीसाठी रायफलीची दुर्बीण: निवड, बसवणी आणि वापर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रायफलीसाठी दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस बहुधा सर्वांत आधी विचारतो, “किती पटीची घेऊ?” प्रश्न रास्त आहे, पण तो आधी विचारण्याचा नाही. रायफल कोणती, काडतूस कोणते, कायद्याने आणि जागेने अंतर किती मिळते, आणि टरेट (दुर्बिणीवरची नेम सरकवण्याची फिरती चकती) एक क्लिक, म्हणजे एक टप्पा, फिरवल्यावर नेम खरोखर एकाच क्लिकने सरकतो का, हे ठरल्यावर पटीचा विचार करायचा असतो. वाढीव पटीवर खर्च होणारे पैसे आधी खात्रीच्या टरेटवर, पक्क्या माउंटवर (दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या बैठकीवर) आणि सरावाच्या काडतुसांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या भागातली हवा पाहता ते अधिकच लागू पडते, कारण जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडचा दमट, धुक्याचा घाटमाथा आहे आणि ईशान्येला अथणी-रायबागकडचे तापलेले, झाडी विरळ असलेले रान आहे. या दोन्ही ठिकाणी मोठ्या पटीचा उपयोग लोक समजतात त्याहून बराच कमी होतो.

जागा, परवाना आणि अंतर

लांब पल्ला म्हणजे किती, हे काडतुसावर अवलंबून असते. .१७७ बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) हवाई रायफलीला ५० मीटर हे लांब अंतर आहे, .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाला १०० मीटर, आणि .३०-०६ सारख्या मोठ्या काडतुसाला ३०० मीटर ही खरी सुरुवात असते. आपल्याकडच्या नागरी नेमबाजाला ३०० मीटरच्या पुढची रेंज क्वचितच मिळते, त्यामुळे परदेशातील हजार यार्डांच्या नेमबाजीसाठी बनवलेली अवजड दुर्बीण विकत घेण्यापूर्वी ती नेमकी कुठे वापरणार आहोत, हे प्रामाणिकपणे ठरवावे.

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई रायफलीला परवाना लागत नाही. .२२, .३१५ आणि .३०-०६ या रायफलींना तो लागतो. सीमाभागातील परवानाधारकाने आणखी एक गोष्ट पाहिलीच पाहिजे, आणि ती म्हणजे परवान्यावर नोंदवलेले क्षेत्र. निपाणी ओलांडून कोल्हापूर गाठायला फारसा वेळ लागत नाही. पण परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल, तर ती रायफल घेऊन कागलची हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरतो. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात किंवा महाराष्ट्रातल्या अन्य रेंजवर सराव करायचा असेल, तर क्षेत्रवाढीची नोंद आधी करून घ्यावी.

सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा. स्वतःचे शेत कितीही मोठे असले, तरी त्याला गोळी थोपवणारा बांध नसतो, आणि .२२ ची गोळीदेखील दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. बेळगावात लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत, परंतु तो संरक्षित भाग आहे. सेवानिवृत्त जवान ओळखीचे आहेत एवढ्यावर तिथे प्रवेश मिळत नाही आणि मिळवण्याचा प्रयत्नही करू नये. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, हेही इथे सांगून टाकतो, कारण दुर्बीण लावलेली रायफल घेऊन जंगलाच्या वाटेवर दिसलेल्या माणसाचे स्पष्टीकरण कोणी फारसे ऐकून घेत नाही.

दुर्बीण घेण्यापूर्वी आपण कोणत्या प्रकारात उतरणार आहोत हेही पाहावे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १०, ५० आणि ३०० मीटरच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही. तिथे डोळ्याजवळ बारीक छिद्राची पीप साईट आणि नळीच्या टोकाला कड्याची पुढची साईट वापरतात. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून मारण्याच्या प्रकारात) जगज्जेत्या झाल्या, ते अशाच साईटवर. या प्रकाराच्या ५० मीटर लक्ष्यात दहाच्या कड्याचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे दुर्बिणीशिवायही इतक्या बारीक ठिकाणी गोळ्या बसवता येतात, आणि ज्याला मुळात श्वास, ट्रिगर आणि शरीराचा आधार जमलेला नाही, त्याला दुर्बीण फक्त त्याचा थरकाप मोठा करून दाखवते. दुर्बिणीला खरी जागा आहे ती बेंचरेस्टमध्ये (बाकावर टेकू देऊन मारणे), कॅनडात सुरू झालेल्या एफ-क्लासमध्ये (पालथे पडून, टेकू देऊन लांबवर मारणे) आणि क्लबांच्या अंतर्गत स्पर्धांमध्ये.

कोनाची मापे

दुर्बिणीचा टरेट सेंटीमीटरांत नव्हे, तर कोनात सरकतो, आणि हे एकदा नीट समजले की पुढचा सगळा हिशेब सोपा होतो. बाजारात दोन मापे चालतात. एम.ओ.ए. म्हणजे अंशाचा साठावा भाग, जो १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर होतो. बहुतेक दुर्बिणींत एक क्लिक पाव एम.ओ.ए. असतो, म्हणजे १०० मीटरवर ०.७३ सेंटीमीटर. मिल म्हणजे मिलिरेडियन, जो १०० मीटरवर बरोबर १० सेंटीमीटर होतो. त्याचा क्लिक ०.१ मिलचा, म्हणजे १०० मीटरवर १ सेंटीमीटर, ५० मीटरवर अर्धा आणि ३०० मीटरवर ३ सेंटीमीटर. एक मिल म्हणजे ३.४४ एम.ओ.ए.

दोन्ही मापांत अचूकता सारखीच मिळते. तरीही मीटरमध्ये मोजणाऱ्याने मिल घ्यावे, कारण हिशेब तोंडी होतो. महत्त्वाचे हे की रेटिकल (दुर्बिणीत दिसणाऱ्या क्रॉसच्या रेषा व खुणा) आणि टरेट दोन्ही एकाच मापाचे असावेत. रेटिकलवर मिलच्या खुणा आणि टरेटवर एम.ओ.ए.चे क्लिक अशी जुनी, स्वस्त मिश्र दुर्बीण अजूनही विकली जाते; ती घेऊ नये, कारण प्रत्येक वेळी ३.४४ ने गुणत बसण्यात वारा बदलून जातो.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रच बेळगावात असल्यामुळे इथल्या नेमबाजांमध्ये माजी सैनिक बरेच असतात, आणि त्यांच्यासाठी एक सूचना आहे. लष्करी होकायंत्रावरचा मिल हा पूर्ण वर्तुळाचा ६,४०० वा भाग असतो, तर दुर्बिणीचा मिल हा ६,२८३ वा. फरक दोन टक्क्यांहून कमी असला, तरी दोन्ही मापे एकाच वहीत लिहू नयेत.

निवड

आता पटीकडे येतो. ५० ते १०० मीटरवर .२२ किंवा हवाई रायफलीसाठी ४ ते १६ किंवा ६ ते १८ पटीची बदलती दुर्बीण पुरेशी होते. ३०० मीटरवरच्या कागदी लक्ष्यासाठी कमाल पट २० ते २५ असावी. बेंचरेस्टवाले ३६ आणि ४५ पटीच्या दुर्बिणी वापरतात, पण त्यांची रायफल टेकूवर जवळजवळ निश्चल असते आणि ते बहुधा सकाळच्या थंड हवेत मारतात. मार्च-एप्रिलमध्ये अकरा वाजल्यानंतर काळ्या मातीवरून वर उठणारी ऊन हवा २० पटीच्या पुढे लक्ष्याचा कागद अक्षरशः वितळवून टाकते, आणि अनुभवी नेमबाज त्या वेळी पट १२ किंवा १४ वर उतरवतो. म्हणून किमान पट शक्यतो कमी असलेली, आणि मधल्या पटींत चित्र स्वच्छ देणारी दुर्बीण निवडावी. दुकानात कमाल पट लावून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवतात, त्यावर जाऊ नये. मधल्या पटीवर, चित्राच्या कडेला असलेली अक्षरे स्पष्ट दिसतात का, ते पाहावे.

पुढच्या भिंगाचा व्यास आणि पट यांचा एक साधा भागाकार आहे. ५० मिलिमीटरचे भिंग आणि २५ पट असेल, तर डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा गोल २ मिलिमीटरचा होतो. भरदिवसा आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दिवसा मारणाऱ्याला ५६ मिलिमीटरच्या भिंगाने विशेष काही मिळत नाही; उलट दुर्बीण उंच बसवावी लागते आणि गाल दस्त्यावरून उचलला जातो. ४० ते ५० मिलिमीटर पुरे. नळकांड्याचा व्यास २५.४, ३० किंवा ३४ मिलिमीटर असतो. जाड नळकांडे म्हणजे अधिक उजेड हा गैरसमज आहे; जाडीचा मुख्य फायदा म्हणजे आतल्या भिंगांना वर-खाली सरकायला जास्त वाव मिळतो.

हा वाव किती लागतो, याचे उदाहरण .२२ चेच घेऊ. साध्या, ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाच्या काडतुसाने ५० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली, रायफल १०० मीटरवर साधारण २० सेंटीमीटरहून थोडी अधिक खाली मारते, म्हणजे दोन-सव्वादोन मिल वर घ्यावे लागतात. हेच २०० मीटरवर आठ-नऊ मिलपर्यंत जाते. दुर्बिणीचा एकूण वाव ६० एम.ओ.ए. असेल, तर मध्यापासून वर जायला फक्त ३० एम.ओ.ए., म्हणजे ८.७ मिल उरतात, आणि टरेट शेवटाला टेकतो. यासाठी २० एम.ओ.ए. उताराची पट्टी मिळते, जिचा मागचा भाग किंचित उंच असतो. ती लावली की वर जायला ५० एम.ओ.ए. उपलब्ध होतात. १०० मीटरपर्यंतच मारायचे असेल, तर तिची गरज नाही.

रेटिकल पहिल्या प्रतलात की दुसऱ्या (म्हणजे पट बदलणाऱ्या भिंगांच्या पुढे की मागे), हा वाद नवशिक्यांना उगाच घाबरवतो. पहिल्या प्रतलातील रेटिकल पट बदलली की चित्राबरोबर लहान-मोठे होते, त्यामुळे त्यावरच्या खुणा प्रत्येक पटीवर खऱ्या असतात. पण मोठ्या पटीवर रेषा जाड दिसून लक्ष्याचा मध्य झाकला जाऊ शकतो. दुसऱ्या प्रतलातील रेटिकल कायम एकाच जाडीचे दिसते, मात्र त्याच्या खुणा एकाच ठरावीक, बहुधा कमाल पटीवर खऱ्या असतात. २४ पटीवर एक मिल दाखवणारी खूण १२ पटीवर दोन मिल दाखवते. ठरलेल्या अंतरावर कागदी लक्ष्य मारणाऱ्याला, जो उंचीची दुरुस्ती टरेटनेच करतो, दुसऱ्या प्रतलाची बारीक रेषा जास्त सोयीची आहे आणि ती स्वस्तही पडते. अंतर सतत बदलत असेल किंवा वाऱ्यासाठी रेटिकलवरच सरकून नेम धरायचा असेल, तर पहिले प्रतल घ्यावे.

पॅरलॅक्सची दुरुस्ती मात्र असलीच पाहिजे. लक्ष्याचे चित्र आणि रेटिकल आत एकाच पातळीवर आले नाहीत, तर डोळा थोडा सरकताच क्रॉस लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो, आणि गोळीही त्याप्रमाणे चुकते. डाव्या बाजूला फिरवण्याची चकती किंवा पुढच्या भिंगावर कडे असलेली दुर्बीण घ्यावी. हवाई रायफल व .२२ साठी ही दुरुस्ती २५ मीटरच्या आत, शक्यतो १० मीटरपर्यंत यायला हवी. मोठ्या रायफलींच्या कित्येक दुर्बिणींतून ५० मीटरच्या आतले स्पष्टच दिसत नाही.

स्प्रिंगच्या हवाई रायफलीविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तिचा झटका एकेरी नसतो. पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला आदळताना पुढे फेकली जाते. मोठ्या काडतुसाचा झटका वर्षानुवर्षे सोसणारी दुर्बीणही या उलट्या धक्क्याने काही शेकडा छर्ऱ्यांत सैल पडू शकते. म्हणून स्प्रिंगच्या रायफलीसाठी योग्य असे उत्पादकाने लिहून दिलेलीच दुर्बीण घ्यावी, आणि ११ मिलिमीटरच्या खाचेवर माउंट मागे सरकू नये म्हणून अडकणी बसवावी.

टरेट फिरवून पाहावा. प्रत्येक क्लिक हाताला वेगळा जाणवला पाहिजे आणि कानाला ऐकू आला पाहिजे; दोन क्लिकांच्या मध्ये तो अडकून राहता कामा नये. झिरोवर परत येताना थांबवणारा झिरो-स्टॉप असेल, तर चांगलेच. पैशांच्या वाटणीत माउंट आणि रिंग (दुर्बिणीच्या नळकांड्याभोवती आवळायचे कडे) यांना दुर्बिणीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकी तरी रक्कम द्यावी. महागडी दुर्बीण आणि फुटपाथवरची रिंग हे जोडपे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे आश्चर्यही वाटत नाही.

बसवणी

काम सुरू करण्याआधी बोल्ट (मागून नळी बंद करणारा दांडा) काढावा, मॅगझिन काढावे, आणि चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्याने व बोटाने तपासावे. खाच, पट्टी आणि रिंगा यांवरचे तेल पुसून टाकावे, कारण तेलकट स्क्रू दिलेल्या ताकदीपेक्षा जास्त आवळला जातो. पुढचे भिंग नळीपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहील एवढ्याच उंचीच्या रिंगा वापराव्यात.

खालच्या अर्ध्या रिंगांत दुर्बीण ठेवून वरचे स्क्रू ती हाताने सरकेल इतपतच लावावेत. मग ज्या स्थितीत मारणार त्याच स्थितीत, म्हणजे पालथे पडून किंवा बाकावर बसून, डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवावा आणि डोळे उघडावेत. कमाल पटीवर पूर्ण गोल, कडेला काळी सावली नसलेले चित्र दिसेपर्यंत दुर्बीण पुढे-मागे सरकवावी. डोळा आणि मागचे भिंग यांत साधारण ८ ते १० सेंटीमीटर अंतर येते. उभ्याने जुळवलेली दुर्बीण पालथे पडल्यावर डोळ्याच्या फार जवळ येते, आणि .३०-०६ च्या झटक्याने भुवई फुटते.

यानंतर सरळपणा. गवंड्याकडचा ओळंबा इथे कोणत्याही महागड्या उपकरणाइतके काम करतो. ५० मीटरवर जाड दोरीला वजन बांधून ती लोंबती ठेवावी, रायफल लहान स्पिरिट लेव्हलने समतल करून वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवावी, आणि रेटिकलची उभी रेषा दोरीवर येईपर्यंत दुर्बीण फिरवावी. वाऱ्याने दोरी हलत असेल, तर वजन पाण्याच्या बादलीत सोडावे. हा खटाटोप अनावश्यक वाटतो, म्हणून आकडा देतो: .२२ ची रायफल १०० मीटरवर मारताना ५ अंशांनी कलली, तर गोळी साडेचार ते पाच सेंटीमीटर कललेल्या बाजूला आणि किंचित खाली जाते. पाच अंशांचा कल डोळ्याला कळतही नाही, म्हणून नळकांड्यावर पाण्याच्या बुडबुड्याची छोटी लेव्हल लावून घ्यावी.

शेवटी स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे, रिंगेच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे आवळावेत. वरच्या रिंगांसाठी १.७ ते २ न्यूटन-मीटर ही नेहमीची मर्यादा आहे. माउंट बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच पाळावा. टॉर्क पाना (ठरलेल्या ताकदीनेच आवळणारा पाना) सायकल-दुरुस्तीच्या चांगल्या दुकानातही मिळतो. अंदाजाने आवळलेल्या स्क्रूने नळकांडे चेपते, आणि मग आतली यंत्रणा अडखळते.

डोळ्याची जुळणी आणि झिरो

मागच्या भिंगाचे कडे रेटिकल स्पष्ट करण्यासाठी असते, लक्ष्य स्पष्ट करण्यासाठी नव्हे. दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरावी, सूर्याकडे कधीच नाही, आणि दोन-तीन सेकंदांचीच नजर टाकून कडे फिरवावे. जास्त वेळ पाहिले, तर डोळा स्वतःच तडजोड करतो आणि चुकीची जुळणीही बरोबर वाटू लागते. ही जुळणी एकदाच करायची असते. पॅरलॅक्सची चकती मात्र प्रत्येक अंतराला वेगळी लावावी लागते, आणि तिच्यावर छापलेल्या अंतरावर विसंबू नये: रायफल स्थिर ठेवून डोके हळूच डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवावे, आणि क्रॉस लक्ष्यावर न सरकता चिकटून राहील तिथे चकती थांबवावी.

झिरो करण्यासाठी सकाळची, वारा पडलेली वेळ निवडावी. बोल्ट रायफल असेल, तर बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरच्या लक्ष्याचा मध्य पाहावा, आणि रायफल न हलवता टरेट फिरवून क्रॉस त्याच मध्यावर आणावा. म्हणजे पहिली गोळी तरी कागदावर लागते. २५ मीटरवर जुळवणी झाली की ५० वर, आणि मोठ्या रायफलीसाठी १०० मीटरवर जावे. प्रत्येक वेळी एकाच लॉटच्या (कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या) काडतुसांनी पाच गोळ्या माराव्यात आणि दुरुस्ती गटाच्या मध्यावरून करावी, एकट्या गोळीवरून कधीही नाही.

समजा, ५० मीटरवर गट ४ सेंटीमीटर खाली आणि २.५ सेंटीमीटर डावीकडे पडला. ०.१ मिलचा क्लिक इथे अर्धा सेंटीमीटर असल्यामुळे ८ क्लिक वर आणि ५ क्लिक उजवीकडे घ्यावेत. पाव एम.ओ.ए.च्या दुर्बिणीवर हेच अनुक्रमे ११ आणि ७ क्लिक होतात. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो, क्रॉस कुठे सरकेल ते नाही. गोंधळ होतो तो इथेच. दुरुस्तीनंतर आणखी पाच गोळ्या मारून खात्री करावी, आणि मग टरेटची टोपी सैल करून शून्यावर आणावी.

टरेट खरा आहे का?

हा भाग बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा तोच आहे. उत्पादकाने ०.१ मिल लिहिले म्हणून क्लिक ०.१ मिलचाच असतो असे नाही. स्वस्त दुर्बिणीत दोन-तीन टक्क्यांची चूक असू शकते, जी झिरोवर कधीच दिसत नाही आणि ३०० मीटरवर जाऊन बाहेर पडते.

तपासणीसाठी गोळी झाडावी लागत नाही, रायफलही लागत नाही, म्हणून हे काम शेतात निवांत करता येते. दुर्बीण रायफलीवरून काढून जड लाकडी बाकावर शिकंज्यात, कापड गुंडाळून, घट्ट धरावी. १०० मीटरवर एक सरळ बांबू ओळंब्याने उभा करून त्यावर १ मीटर अंतराच्या दोन ठळक खुणा कराव्यात. अंतर मात्र फितीनेच मोजावे, पावलांनी नाही. लांब फीत नसेल, तर गुंठ्याची बाजू ३३ फूट असते हे आठवावे. अशा दहा बाजू म्हणजे ३३० फूट, म्हणजे १००.६ मीटर, आणि या कामाला अर्ध्या टक्क्याचा हा फरक चालून जातो. क्रॉस एका खुणेवर आणून टरेट बरोबर १० मिल फिरवावा. क्रॉस दुसऱ्या खुणेवर बसला, तर टरेट खरा आहे. तो ९८ सेंटीमीटरच सरकला, तर यापुढे प्रत्येक दुरुस्ती १.०२ ने गुणून घ्यावी आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. मग टरेट परत शून्यावर आणावा. क्रॉस पहिल्या खुणेवर परतला नाही, तर ती दुर्बीण दुकानदाराला परत करावी. चूक सातत्याची असेल, तर गुणाकाराने भरून निघते, पण परत न येणाऱ्या टरेटवर कोणताही इलाज नाही. क्रॉस उभ्या बांबूवरून वर जाताना बाजूला सरकू लागला, तर रेटिकल आणि टरेट यांच्यात कल आहे किंवा दुर्बीण शिकंज्यात वाकडी धरली गेली आहे. ती सरळ करून पुन्हा पाहावे.

रेंजवर केली जाणारी चौकोनी चाचणी, म्हणजे टरेट वर, उजवीकडे, खाली, डावीकडे फिरवून प्रत्येक कोपऱ्यावर गोळ्या मारणे, ही वेगळी गोष्ट आहे. सगळेच क्लिक एकाच प्रमाणात चुकीचे असले, तरी चौकोन पूर्ण होतो, म्हणून तिच्यावरून परत येण्याची खात्री पटते, मापाची नाही.

वारा आणि मृगजळ

उंचीची दुरुस्ती वहीतून येते, वाऱ्याची दुरुस्ती डोळ्याने करावी लागते. साध्या वेगाच्या .२२ गोळीला ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा १०० मीटरवर सुमारे १० सेंटीमीटर, म्हणजे एक मिल ढकलतो; ताशी ५ किलोमीटरच्या, गालाला जेमतेम जाणवणाऱ्या झुळकेने तीन सेंटीमीटरांचा फरक पडतो. वारा तिरका, गोळीच्या दिशेशी ३० अंशांनी येत असेल, तर परिणाम निम्मा धरावा, आणि ४५ अंशांनी असेल, तर सुमारे सात दशांश. .२२ मध्ये जास्त वेगाचे काडतूस घेतले की वारा कमी लागेल, ही समजूत उलटी आहे: ध्वनीच्या वेगाच्या वर निघालेली ही गोळी हवेच्या वाढलेल्या विरोधामुळे झपाट्याने वेग गमावते, आणि त्यामुळे कमी वेगाच्या गोळीपेक्षा जास्त वाहते. लक्ष्य-नेमबाजीचे एले, एसके, लापुआ यांचे दर्जेदार .२२ काडतूस मुद्दाम मंद का असते, याचे हेही एक कारण आहे.

दुपारनंतर पश्चिमेकडून उठणारा वारा आपल्या भागात सर्वांच्या ओळखीचा आहे, पण तो रेंजभर एकसारखा नसतो. नळीपाशी लावलेली फीत, मध्यावरचे गवत, आणि रेंजच्या कडेला शेत असेल तर उसाचे शेंडे, हे तीन वेगवेगळे वारे सांगू शकतात. त्यांतला नेमबाजाजवळचा वारा अधिक वजनाने मोजावा, कारण तिथे वळलेली गोळी उरलेले सगळे अंतर तशीच वळत जाते.

उन्हात मृगजळ हा त्रास आहे, तसाच तो साक्षीदारही आहे. पॅरलॅक्सची चकती लक्ष्याच्या थोडी अलीकडे आणली की हवेच्या लाटा स्पष्ट दिसतात. त्या डावीकडून उजवीकडे वाहत असतील, तर वाराही तसाच आहे. सरळ वर उकळत असतील, तर आडवा वारा नाही किंवा तो थेट समोरून अथवा मागून आहे. या उकळीच्या क्षणी मारू नये, कारण ती बहुधा वाऱ्याची दिशा बदलण्याच्या आधी येते. वारा ताशी वीसेक किलोमीटरच्या पुढे गेला की लाटा सपाट होऊन दिसेनाशा होतात. मृगजळ लक्ष्याचे चित्रही वाऱ्याच्या दिशेने किंचित सरकवते, त्यामुळे सकाळी केलेला झिरो दुपारी सरकल्यासारखा वाटला, तर लगेच टरेटला हात लावू नये. गरम नळीवरून उठणारी हवाही तेच करते. नळीवर कापडी पट्टा ताणावा किंवा थोडे थांबावे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच असल्यामुळे इथली हवा कारवारपेक्षा सहा-सात टक्के विरळ असते. मोबाइलच्या गणकयंत्रात हा आकडा भरावा, पण ३०० मीटरपर्यंत त्याचा फरक गटाच्या आकारातच हरवून जातो. त्यापेक्षा प्रत्येक सरावाची तारीख, लॉट, तापमान, वारा आणि लागलेले क्लिक वहीत लिहिणे जास्त उपयोगाचे असते, कारण यंत्राने काढलेला तक्ता स्वतःच्या रायफलीने सिद्ध झाल्याशिवाय आपला होत नाही.

पावसाळा आणि सांभाळ

जून ते सप्टेंबर खानापूरकडच्या घरात भिंतींना ओल येते, आणि भिंगांवर बुरशी धरायला एवढे पुरते. बुरशी भिंगाचा लेप खाते, आणि तो डाग पुसून जात नाही. नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेल्या दुर्बिणीत आतून धुके धरत नाही, पण बाहेरच्या भिंगांना ते संरक्षण नसते. चामड्याच्या किंवा स्पंजच्या पेटीत रायफल महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. पेटी ओल धरून ठेवते. कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. गार खोलीतून दमट अंगणात दुर्बीण आणली की भिंगावर वाफ धरते. ती पुसायची घाई करू नये, दहा मिनिटांत आपोआप जाते.

भिंगावरची धूळ आधी रबरी फुग्याने उडवावी, मग मऊ ब्रशने झटकावी, आणि अगदी गरज असेल तरच भिंगासाठीचा द्राव कागदावर घेऊन मध्यापासून कडेकडे पुसावे. उपरण्याच्या टोकाने पुसलेल्या भिंगावर अथणीकडच्या धुळीचे कण बारीक चरे पाडतात, आणि असे चरे असलेली दुर्बीण तिरप्या उन्हात निरुपयोगी ठरते.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना रायफल पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे जमा करण्याचा आदेश येतो. तिथे शस्त्रे एकमेकांना टेकवून उभी केलेली असतात, त्यामुळे जमा करण्याआधी दुर्बीण रिंगांसह काढून घरी ठेवावी, पट्टीवरच्या कोणत्या खाचेत माउंट होते त्यावर रंगाची खूण करावी, आणि जमा-पावतीवर फक्त रायफलीचा क्रमांक आहे ना, हे पाहावे. रायफल परत मिळाली की माउंट त्याच खाचेत पुढे ढकलून, त्याच टॉर्कने आवळावे. चांगले माउंट असले, तरी झिरो एखाद-दुसऱ्या क्लिकने हललेला असू शकतो. म्हणून पहिल्याच सरावात १०० मीटरवर न जाता ५० मीटरवर पाच गोळ्यांचा गट पाहावा, आणि वहीतल्या शेवटच्या झिरोच्या नोंदीशी तो जुळवून मगच टरेटला हात लावावा.